साडेसहाचा फोन

सून फोनवर बोलताना आवाज खाली घ्यायची, तिथेच काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

जी भाषा घरात दुसऱ्या कुणाला कळतच नाही, ती बोलताना आवाज खाली घ्यायचं कारण काय? मोठ्यानं बोल ना खुशाल! पण नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला कामावरून आली, हातपाय धुतले, की ती फोन घेऊन गॅलरीत जायची आणि आईशी बोलत बसायची. आधी जोरात, हसत-खिदळत. मग मध्येच एकदा काचेतून आत बघायची, काकू कुठे आहेत ते हेरायची, आणि आवाज एकदम तळाला.

काकूंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. तिथे त्यांचा बोर्ड नऊ नंबरचा, म्हणून सगळे त्यांना ‘नऊ नंबर’ म्हणायचे. कानाला हेडफोन, समोर वायरी. दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. जोडलेलं बोलणं ऐकायचं नाही, हा तिथला पहिला नियम. काकूंनी तो कधी मोडला नव्हता. पण माणूस आवाज कधी खाली घेतो, हे ओळखायला बोलणं ऐकावं लागत नाही. काहीतरी लपवायचं असलं की घेतो.

मुलगा लिफ्टचा मेकॅनिक. दूरच्या शहरात एका मोठ्या इमारतीत लिफ्ट बसवायला म्हणून आठ महिने गेला आणि येताना लग्न ठरवून आला. मुलगी दातांच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम करणारी. इथे आल्यावर तिला तसंच काम मिळालंही. वागायला वाईट म्हणावं असं काही नव्हतं. “आई, मी चहा केली, तुमचा कप गरम आहे,” असं मोडकंतोडकं बोलायची, चुकली की स्वतःच हसायची. काकूही हसायच्या. पण साडेसहा वाजले की काकूंचे कान टवकारले जायचे.

“काय रे बोलते ती एवढं?” त्यांनी मुलाला विचारून पाहिलं.

“मला काय कळतंय? दहा शब्द येतात मला. त्यातले चार जेवणाचे आणि दोन शिव्या.”

“तुला कधी वाटलं नाही शिकावंसं?”

“आई, ती इथलं शिकतेय ना? मग झालं.”

झालं काय, कपाळ! काकूंनी त्याच दिवशी ठरवलं, आपणच शिकायचं. कुणाला न सांगता.

बाजाराच्या कोपऱ्यावर एक किल्लीवाला बसायचा. लोखंडी पेटी, तिच्यावर छोटं मशीन, मागे तारेत ओवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. माणूस साठीच्या पुढचा, सुनेच्याच मुलखातला. तीस वर्षांपूर्वी इकडे आलेला आणि इथली भाषा इथल्यांपेक्षा चोख बोलणारा. काकू त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“मला तुमची भाषा शिकवाल का?”

“कशाला, मावशी?”

“सून तुमच्याकडची आहे. तिला चकित करायचंय.”

खोटं बोलताना काकूंचा आवाज जराही हलला नाही. किल्लीवाल्याचे डोळे मात्र पाणावले. इतक्या वर्षांत त्याची भाषा शिकायला त्याच्याकडे कुणी आलं नव्हतं. त्याची स्वतःची मुलंसुद्धा नाहीत. “रोज अकराला या,” तो म्हणाला, “गिऱ्हाईक नसतं तेव्हा.”

मास्तर म्हणून तो विचित्रच निघाला. काकूंनी कोरी वही नेली होती, ती त्यानं बाजूला ठेवायला लावली. “अक्षरं नंतर. तान्हं मूल आधी वाचतं का? आधी कान तयार करा.” त्यानं काकूंच्या मोबाईलवर दोन मिनिटांचं एक बोलणं रेकॉर्ड करून दिलं. बाजारात भोपळा घेणाऱ्या बाईची घासाघीस होती ती, दोन्ही आवाज त्यानंच काढलेले. “हेच रोज दहा वेळा ऐका. कळो न कळो. मग त्याच्या मागोमाग बोला, सावलीसारखं. तो बोलतोय तोवरच बोलायचं, थांबायचं नाही. आणि आपल्या भाषेत अर्थ लावत बसू नका. झाकण हातात घेतलं की तोंडातून आमचा शब्द आला पाहिजे, मध्ये तुमचं ‘झाकण’ नको.”

“आणि चुकलं तर?”

“चुकायचंच. जो चुकायला लाजतो तो मुका राहतो, मावशी.”

काकू मनापासून कामाला लागल्या. चुकायला लाजण्याचा प्रश्न नव्हता, कारण बोलायचंच नव्हतं. फक्त ऐकायचं होतं. वस्तूंना चिठ्ठ्या लावायची युक्ती त्यांना स्वतःलाच सुचली. पण चिठ्ठी सुनेला दिसता कामा नये. म्हणून त्यांनी त्या डब्यांच्या झाकणांना आतून चिकटवल्या, कपाटाच्या दारामागे, घड्याळाच्या पाठीवर, गादीखाली. अक्षरं आपली, उच्चार तिकडचे. दुपारी घर रिकामं झालं की त्या एकेक झाकण उघडायच्या, पुटपुटायच्या आणि बंद करायच्या. भांडी घासताना भोपळ्याची घासाघीस चालायची. कधी कधी सून घरात आहे हे विसरून त्या मोठ्यानंच म्हणून जायच्या आणि मग खोकल्याचं निमित्त करायच्या.

“सकाळी घरी फोन केली, तुम्ही नव्हता. कुठे गेला?” सून विचारायची.

“बागेत.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर “दवाखान्यात”, तिसऱ्या दिवशी “पोस्टात”. आपण काल काय सांगितलं होतं हे काकूंच्या लक्षात राहायचं नाही, आणि सून मात्र दरवेळी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहायची. बघतेय बघतेय, काकू मनात म्हणायच्या, हिच्याही मनात काहीतरी शिजतंय.

तिसऱ्या महिन्यात पहिले शब्द पकडीत आले. गॅलरीतल्या त्या गडगडाटातून एखादा ओळखीचा शब्द टुणकन बाहेर यायचा, गर्दीत आपल्या गावचं माणूस दिसावं तसा. घर. पाणी. उद्या. भाऊ. काकूंना एवढा आनंद व्हायचा की आपण कशासाठी ऐकतोय हे घटकाभर विसरायला व्हायचं.

मग एक दिवस आला तो शब्द. ‘म्हातारी’.

तोही आवाज खाली गेल्यावर. ‘म्हातारी’, मग काहीतरी, मग पुन्हा ‘म्हातारी’.

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. बरं! म्हणजे आपल्यामागे आपण ‘म्हातारी’ का?

त्यानंतर त्यांनी कसलीच कसर ठेवली नाही. भाषेचा अभ्यास दुप्पट केला. सकाळी एक तास, दुपारी दोन. संध्याकाळी गॅलरीच्या दाराशी शेंगा सोलत बसायच्या, अगदी सहज बसल्यासारख्या. एकेक तुकडा गोळा होत गेला. ‘म्हातारी’... ‘एकटी’... ‘दार’... ‘डॉक्टर’... ‘पाठवायचं’... ‘तिला सांगू’... ‘गुरुवार’.

आणि घरातही काय काय व्हायला लागलं! एके दिवशी मुलानं न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. “गंजली होती,” म्हणाला. काकूंनी कडी केराच्या डब्यातून काढून पाहिली. गंज नावाला नव्हता. सून रात्री झोपताना गॅसचं बटण दोनदोनदा तपासायला लागली. खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्या कधी स्वतःहून बोलायच्या नाहीत, त्या जिन्यात थांबवून विचारू लागल्या, “काय, बरं वाटतंय ना?” आणि मुलगा तर जेवता जेवता मध्येच म्हणायचा, “आई, आज वार कोणता गं?”

“तुला माहीत नाही?”

“आहे. असंच विचारलं.”

असंच! काकूंनी ताट बाजूला सारलं. हे घर त्यांच्या नवऱ्यानं घेतलं होतं, आता ते त्यांच्या नावावर होतं. मनात एकदा काळंबेरं शिरलं की सगळंच जुळत जातं. कडी, गॅस, शेजारीण, वार. आणि त्यात एका संध्याकाळी त्यांच्या कानावर एक आख्खं वाक्य पडलं, पहिल्यांदाच सबंध, एकही शब्द न निसटता: ‘म्हातारीला त्या घरात पाठवायचं.’

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी अकराला त्या किल्लीवाल्याकडे गेल्या आणि वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “याचा अर्थ नीट सांगा.”

किल्लीवाला मशीनवर किल्ली घासत होता. त्यानं मशीन बंद केलं.

“हे वाक्य तुम्हाला सुनेला म्हणून दाखवायचंय?”

काकू तारेतल्या कोऱ्या किल्ल्यांकडे बघू लागल्या.

“मागच्या आठवड्यात तुम्ही ‘लपवणे’ विचारलंत. त्याआधी ‘सही’. त्याआधी ‘कुलूप’. मावशी, चकित करायला निघालेलं माणूस असले शब्द विचारत नाही. तुम्ही ऐकताय.”

“माझ्याच घरात माझ्याबद्दल बोलतात. मी ऐकू नको?”

“माझ्याकडे रोज एखादा तरी येतो,” तो हळू म्हणाला, “साबणावर दुसऱ्याच्या किल्लीचा ठसा घेऊन. मी परत पाठवतो. आणि तुम्हाला मी स्वतःच्या हातानं करून दिली.”

त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. काकूंनी मान खाली घातली, पण उठल्या नाहीत. “एवढं एकच सांगा. ते मला पाठवणार आहेत का?”

किल्लीवाल्यानं सुस्कारा सोडला. “वाक्याचा शेवट पुन्हा म्हणा. कसा म्हणाली ती? तोडला की ओढला?”

“म्हणजे?”

“आमच्याकडे ‘नाही’ असा वेगळा शब्दच नाही. क्रियापदाचा शेवटचा स्वर ओढला की झालं ‘नाही’. पाठवायचं, आणि पाठवायचंऽऽ. एवढाच फरक. हे शिकवायचं राहिलं, कारण त्या भोपळ्याच्या घासाघिशीत कुणी कशाला ‘नाही’ म्हणतच नाही.” त्यानं हातातली किल्ली पुसली. “आणि ‘म्हातारी’ म्हणजे शिवी नव्हे. घरातल्या मोठ्या बाईला आम्ही तसंच म्हणतो. माझ्या आईला सगळा मोहल्ला म्हातारी म्हणायचा, ती तिशीची होती तेव्हापासून. आता जा. आज एकदाच ऐका, शेवटाकडे कान देऊन. आणि मग ऐकायचं बंद करा.”

त्या संध्याकाळी काकू शेंगा न घेताच दाराशी बसल्या. सुनेनं काचेतून आत पाहिलं, आवाज खाली घेतला. काकूंनी डोळे मिटले. तीस वर्षं ज्या कानांनी खरखरीतून नंबर टिपले, त्या कानांनी त्या फक्त शब्दांचे शेवट ऐकत राहिल्या, आणि एकेक वाक्य उलगडत गेलं.

“म्हातारीला अजून सांगितलं नाहीये,” सून म्हणत होती. “घाबरेल ती. झाकणांच्या आत चिठ्ठ्या चिकटवते गं. वस्तूंची नावं विसरत असणार. सकाळी कुठे जाते ते तिलाच आठवत नाही, रोज वेगळं सांगते. एकटीच बडबडते. परवा तर आपल्या भाषेसारखंच काहीतरी बरळत होती, आपली आजी शेवटी शेवटी करायची तसं... हो, कडी काढून घेतली, आत अडकून पडली तर? गुरुवारी डॉक्टर आहेत. आई, म्हाताऱ्यांच्या त्या घरात मी तिला पाठवणार नाही. आजीला पाठवलं आणि सहा महिन्यांत तिनं बोलणं टाकलं. मी लॅबमध्ये अर्धा दिवस मागितलाय. मी बघेन तिच्याकडे.”

काकूंना आधी हसू फुटलं. एवढं की त्यांना पदर तोंडात कोंबावा लागला. आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं. समोर काचेपलीकडे ती पोर पाठमोरी उभी होती, कामाचा कोट अजून अंगात, बाहीवर पांढरं प्लॅस्टर वाळलेलं, आणि सासूला वेड लागतंय म्हणून रडत होती.

उठावं आणि सांगावं, एवढीच गोष्ट होती. पण सांगायचं काय? की मी वेडी नाही, मी पाच महिने तुझं चोरून ऐकते आहे? दोन्हींतलं बरं कोणतं, हे काकूंना ठरवता येईना. त्या उठल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

रात्री त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. चार कमी भरल्या.

गुरुवारी मुलगा म्हणाला, “आई, चल, डोळे तपासून येऊ.” काकू मुकाट्यानं गेल्या. पाटी डोळ्यांची नव्हतीच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. गोल काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावली. काकूंनी सगळं बिनचूक केलं. तीन शब्द तर उलटेही म्हणून दाखवले.

“छान,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग घरच्यांना काळजी कशाची वाटते?”

सुनेनं पर्समधून चार चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. “मला वाचायला हळू येतं. पण यांचा मुलगा बघितला, तो पण म्हणाला, असा शब्दच नाही.”

डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी उचलली, अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचली आणि मान हलवली. “खरंच, याला काही अर्थच नाही.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं.

सुनेनं मात्र झटकन मान वर केली होती. कुठलातरी ओळखीचा आवाज आला, पण कुठून ते कळेना, असा चेहरा.

आणखी क्षणभर गप्प बसलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. पण काकूंच्या तोंडून निघून गेलं, “पहिलं अक्षर घशातून काढा, डॉक्टर.” मग सुनेकडे बघून त्यांनी तो शब्द नीट म्हटला. “झाकण. हिच्या भाषेत झाकण. ते घड्याळ. ती गादी. आणि ते चौथं विळी. त्याचा उच्चार मला अजून जमत नाही.”

मग मुलगा एकदम हसत सुटला. “अगं आई! आणि आम्ही इकडे—”

सून हसली नाही. तिनं आपल्या भाषेत विचारलं, “किती दिवसांपासून?”

“पाच महिने,” काकूंनी त्याच भाषेत उत्तर दिलं. तिच्याशी त्या भाषेत उच्चारलेले त्यांचे हे पहिले दोन शब्द.

“म्हणजे गॅलरीतलं सगळं ऐकलंत?”

काकूंना वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, “माझी लॅबमधली माणसं माझं बोलणं नक्कल करतात. घरी मी चुकते, तुम्ही सगळे हसता, मी पण हसते. दिवसभर मी चुकते. फक्त तिथे मी चुकत नव्हती. ती माझी खोली होती, आई. तुम्ही दार न वाजवता आत आला.”

त्या दिवसापासून साडेसहाचा फोन बंद झाला. सून कामावरून उशिरा यायची. वाटेत कुठेतरी थांबून बोलून येत असावी. घरात सगळं व्यवस्थित चालू होतं. चहा वेळेवर, औषध वेळेवर, न्हाणीघराची कडी पुन्हा बसवलेली. गॅलरी तेवढी मुकी झाली. मुलगा दोघींच्या मधे उभा राहून विनोद करायचा आणि कुणीच हसत नाही म्हटल्यावर टीव्ही लावायचा.

बाराव्या दिवशी काकू किल्लीवाल्याकडे गेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. “बरं झालं” म्हणाला नाही, “वाईट झालं” असंही नाही.

“तुम्ही फक्त कान शिकलात,” तो म्हणाला. “पाच महिन्यांत तोंड उघडून कुणाशी चुकला नाहीत. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आता चुकून या.”

संध्याकाळी काकू लॅबच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. काचेतून आतलं दिसत होतं. लांब टेबलावर ओळीनं मांडलेले प्लॅस्टरचे जबडे, निळी ज्योत, आणि तोंडाला मास्क लावलेली पाच-सहा माणसं. सुटायची वेळ झाली. सून सगळ्यांबरोबर बाहेर आली आणि त्यांना बघून थबकली.

“काय झालं? बरं नाही?”

काकूंनी घरून घोकून आणलेलं वाक्य सुरू केलं, तिच्या भाषेत, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. पण लॅबमधली सगळी माणसं थांबून बघत होती. क्रियापदाशी आल्यावर स्वर ओढला गेला. ‘माझी चूक झाली’ म्हणायचं होतं, ते झालं ‘माझी चूक झाली नाहीऽ’. मग सावरायला गेल्या तर ‘माफ कर’चं ‘माफ करू नकोस’ झालं. मागच्या एका पोरानं फिस्सकन हसून त्यांची नक्कल केली, अगदी हुबेहूब.

सून गर्रकन वळली. “हसतो काय? तुला येते का एक तरी भाषा, ह्याच्याशिवाय?” हे मात्र तिनं इतक्या स्वच्छ मराठीत विचारलं की पोरगा दोन पावलं मागे सरला.

मग ती काकूंचा हात धरून चालू लागली. चौक ओलांडल्यावर म्हणाली, “माफ केलं नाही अजून.”

“हो.”

“पण परत म्हणा. शेवट तोडून.”

काकूंनी म्हटलं. पुन्हा चुकलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. घर येईपर्यंत ते वाक्य सात-आठ वेळा झालं असेल. जिन्यात एकदाचं जमलं, तेव्हा सुनेनं नुसती मान हलवली आणि कुलूप उघडलं.

फोन गॅलरीत परतायला आणखी महिना गेला. आता साडेसहा वाजले की काकू चपला घालतात आणि खाली उतरतात. बाजारापर्यंत जायचं, किल्लीवाल्याशी चार वाक्यं चुकत बोलायची, सातला परत. सुनेनं ‘जा’ म्हटलेलं नाही, ‘राहा’ही म्हटलेलं नाही. वर बघितलं की ती कधी कठड्याशी टेकून हसत असते, कधी आवाज तळाला गेलेला कळतो. काकूंचे कान अजून टवकारतात. त्या चालत राहतात.

एकदा त्या परत आल्या तरी बोलणं चालूच होतं. त्या आत वळणार तोच सुनेनं फोन त्यांच्यापुढे धरला. “माझी आई. तुमचा गुडघा विचारते.”

काकूंनी घसा साफ केला. पलीकडून आलेला आवाज इतका भरभर होता की त्यातलं निम्मंच हाती लागलं. त्यांनी जुळवून तीन वाक्यं उत्तर दिलं. दोन बरी गेली असावीत. तिसऱ्याला पलीकडच्या बाई अशा हसत सुटल्या की फोनचा कर्णा फाटेल. इकडे सूनही कठड्याला धरून डोळे पुसत होती.

“काय म्हणाले मी?”

“ते मी नाही सांगणार,” सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला किल्लीवाला समोरच बसला होता. ते तिसरं वाक्य काकूंना शब्दन्‌शब्द पाठ होतं. त्यांनी ते त्याला विचारलं नाही.